वाहता सदका : विहीर खोदणे आणि विहीर जिवंत ठेवणे

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने आकाशातून ठरावीक मापाने पाणी उतरवले आणि ते धरतीच्या पोटात साठवून ठेवले. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी तहानलेल्या मुक्या जनावराला पाजलेल्या घोटभर पाण्यातही पुण्य असल्याची शिकवण दिली.



दिव्य कुरआनात पाण्याचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. त्यांपैकी दोन ठिकाणी अल्लाह तआला माणसाला सरळ प्रश्न विचारतो. सूरह मुल्कच्या अखेरच्या, म्हणजे ३० व्या आयतीत प्रश्न आहे की, तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल. सूरह वाकिआच्या ६८ ते ७० या आयतींत दुसरा प्रश्न आहे : तुम्ही जे पाणी पिता ते ढगातून तुम्ही उतरवले की आम्ही; आम्ही इच्छिले असते तर ते खारट-कडू करून टाकले असते, मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही.

या दोन प्रश्नांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्यात पाणी नाहीसे होण्याचा इशारा आहे. दुसऱ्यात पाणी डोळ्यांसमोर असूनही ते पिता न येण्याचा इशारा आहे. आपल्या महाराष्ट्राने हे दोन्ही इशारे प्रत्यक्ष पाहिले आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. खेड्यापाड्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा तर दर दुष्काळात लागतात. दुसरीकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावे आहेत, जिथे बोअरला पाणी भरपूर आहे. पण त्यातील फ्लोराईडमुळे मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि मोठ्यांची हाडे ताठरतात. पाणी नसणे ही एक परीक्षा आहे, पाणी असून ते निर्धोक नसणे ही दुसरी. या दोन्ही परीक्षांत मोमिनाचे कर्तव्य काय, याचा विचार आज करू या.

पाटी राहिली, पाणी थांबले

मराठवाड्यातील एका लहान गावात मी काही वर्षे इमामत केली. गावाच्या वेशीवर एक हापसा होता. त्याच्या ओट्यावर संगमरवराची पाटी होती. आखातात नोकरी करणाऱ्या गावच्या एका मुलाने मरहूम वडिलांच्या ईसाले-सवाबासाठी तो हापसा बसवून दिला, असा मजकूर त्यावर कोरलेला होता. मी गावात गेलो तेव्हा हापसा बंद होता. चौकशी केली तेव्हा कळले की, आतला वायसर झिजला आहे आणि एक सळई बदलायची आहे. काम एका दिवसाचे, खर्च फार मोठा नाही. तरीही तो सात महिने बंद पडून होता. ग्रामपंचायतीचे लोक म्हणत, तो तुमच्या माणसाने बसवला आहे, तुम्ही पाहा. आपले लोक म्हणत, पाणी सगळे गाव नेत होते, दुरुस्ती एकट्या आपणच का करावी. ज्याने हापसा बसवला तो हजारो मैलांवर होता आणि वडिलांच्या नावे पुण्याचा झरा वाहत आहे, अशा समाधानात होता.

मदरशात आम्ही सहीह मुस्लिममधील ती हदीस पाठ केलेली असते की, माणूस मरण पावला म्हणजे त्याच्या कर्मांची साखळी तुटते, केवळ तीन गोष्टी चालू राहतात : सदका-ए-जारिया, लोकांना लाभ देणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक संतती. ‘जारिया’ या शब्दाचा अर्थ ‘वाहणारी’ असा आहे, हेही आम्ही शिकलेलो असतो. परंतु त्या बंद हापशासमोर उभा असताना या शब्दाचा भार मला प्रथमच जाणवला. दात्याच्या नियतीचे पुण्य अल्लाहपाशी सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण जो सदका वाहायचा होता तो थांबला होता, आणि थांबवणारे आम्ही सगळे होतो. विहीर खोदण्याचे काम एका माणसाला करता येते. ती जिवंत ठेवण्याचे काम मात्र सगळ्या गावालाच करावे लागते. आजच्या लेखाचे सार मी एवढ्यातच सांगितले आहे; पुढे त्याचा खुलासा आहे.

रूमाची विहीर आणि दात्याची बादली

मुहाजिर मदीनेत आले तेव्हा तेथे गोड पाण्याची मोठी अडचण होती. रूमा नावाची विहीर गोड पाण्याची होती. पण तिचे पाणी विकत घ्यावे लागे, आणि घरदार मक्केत सोडून आलेल्यांच्या हाती पैसा नव्हता. तिर्मिजी आणि नसाई यांच्या संग्रहांत या प्रसंगाचे वर्णन आहे. प्रेषितांनी (स.) आवाहन केले की, ही विहीर कोण विकत घेईल आणि आपली बादली इतर मुस्लिमांच्या बादल्यांच्या बरोबरीने ठेवील, त्याच्यासाठी जन्नतमध्ये याहून उत्तम बदला आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी स्वतःच्या संपत्तीतून ती विहीर घेतली आणि सर्वांसाठी खुली केली.

हा प्रसंग आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतो. पण त्यातील बादलीच्या अटीकडे आपले लक्ष जात नाही. प्रेषितांनी (स.) केवळ दान मागितले नव्हते. दान दिल्यानंतर दात्याने रांगेत सर्वांच्या बरोबरीने उभे राहावे, अशी ती अट होती. विहिरीची संपूर्ण किंमत मोजणाऱ्याचा हक्क एका बादलीचा, आणि ज्याने काहीच दिले नाही त्याचाही तेवढाच. पुढे आयुष्याच्या अखेरीस बंडखोरांनी हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला वेढा घालून त्यांचे पाणी तोडले, तेव्हा त्यांनी याच विहिरीची आठवण लोकांना करून दिली. त्या वेळीही ती आपल्या मालकीची आहे, असा दावा त्यांनी केला नाही.

हजरत साद बिन उबादा (रजि.) यांच्या आईचे निधन झाले तेव्हा त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले की, तिच्यासाठी कोणता सदका उत्तम ठरेल. उत्तर मिळाले : पाणी. अबू दाऊदमध्ये नोंद आहे की, त्यांनी विहीर खोदली आणि ती सादच्या आईसाठी असल्याचे जाहीर केले. नाव आईचे होते, पाणी सर्वांचे होते. आजच्या पाट्यांवरही नाव कोरण्यास हरकत नाही. प्रश्न एवढाच आहे की, पाटीवरचे नाव मोठे होत असताना विहिरीवरचा लोकांचा हक्क लहान तर होत नाही ना.

किंमत पाण्याची की श्रमाची?

पाणीपट्टीचा विषय निघाला की आपल्यातील काही बांधव एक हदीस पुढे करतात. अबू दाऊदमध्ये ती आहे : मुस्लिम तीन गोष्टींत भागीदार आहेत, पाणी, चारा आणि अग्नी. मग भागीदाराकडून पैसे कसले, असा त्यांचा प्रश्न असतो.

फुकहांनी, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या जाणकारांनी, या हदीसचा बारकाईने विचार केलेला आहे. नदी, झरा, मूळ स्रोत यांतील पाणी सर्वांचे आहे; तहानलेल्याला तेथून हाकलणे हराम आहे. सहीह बुखारीत आहे की, गरजेपेक्षा अधिक पाणी असूनही वाटसरूला ते नाकारणाऱ्याकडे अल्लाह कियामतच्या दिवशी पाहणार नाही. परंतु तेच पाणी कोणी भांड्यात भरले, डोक्यावरून वाहून आणले, तर त्या मेहनतीचा मोबदला घेणे वैध आहे. सारांश, पाणी विकले जात नाही. पाणी आणण्याचे श्रम आणि साधन यांचा खर्च भरून काढला जातो.

गावच्या नळयोजनेला हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. पंपाचे वीजबिल, टाकीची धुलाई, टीसीएल पावडर, फुटलेली वाहिनी, नळ सोडणाऱ्याचा पगार, हे सर्व खर्च आहेत. ते कोणीतरी भरल्याशिवाय पाणी टाकीत चढत नाही. ज्याच्या घरी ऐपत आहे आणि तरीही जो वर्षानुवर्षे पाणीपट्टी थकवतो, तो सरकारला फसवत नसून शेजारच्या विधवेचा नळ बंद पाडत आहे. उलट जो खरोखर असमर्थ आहे त्याचे पाणी तोडणे हेही भागीदारीच्या हदीसविरुद्ध आहे. म्हणून दोन्ही टोके सांभाळावी लागतात : समर्थाने आपला वाटा वेळेवर द्यावा, आणि असमर्थाचा वाटा गावाने मिळून, त्याची बेअब्रू न करता उचलावा.

येथे एक मसला स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण तो मला नेहमी विचारला जातो. जकातीच्या रकमेतून सार्वजनिक विहीर खोदता येते काय? हनफी फिकहनुसार जकातीसाठी ‘तमलीक’, म्हणजे पात्र गरजूला रकमेचा मालक करणे, ही अट आहे. विहिरीचा असा कोणी एक मालक नसतो, म्हणून जकातीतून ती होत नाही. त्यासाठी नफ्ल सदका आणि लिल्लाह रक्कम वापरावी. मात्र एखाद्या गरीब कुटुंबाच्या हाती जकात सोपवली आणि त्यांनी त्यातून स्वतःची नळजोडणी घेतली किंवा थकबाकी भरली, तर त्याला कोणताही अडथळा नाही.

पाक पाणी आणि पिण्याजोगे पाणी

आपल्या मुलांना आपण मकतबमध्ये पाण्याचे मसले शिकवतो. रंग, वास आणि चव बदलली नसेल तर वाहते पाणी पाक आहे, हे सात वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ही कसोटी वजू आणि गुस्ल यांची आहे. जे पाणी वजूसाठी पाक आहे ते पोटासाठी निर्धोक असेलच, असे नाही. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही. ते पाणी उकळले तरी फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड इष्ट मानले जाते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्यापुढे धोका आहे. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे जंतूही नितळ पाण्यात असू शकतात.

प्रेषितांनी (स.) साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास मनाई केली. पाणवठा, रस्ता आणि लोकांची सावलीची जागा येथे शौचास बसणे ही शाप ओढवून घेणारी कृत्ये ठरवली. रात्री भांडी झाकून ठेवण्याची आणि मशकीचे तोंड बांधण्याची आज्ञा दिली. या आज्ञांचा रोख केवळ इबादतीकडे नाही. माणसाच्या शरीराचे रक्षण हाही शरीयतचा उद्देश आहे. म्हणून गावचा जलसुरक्षक टाकीत क्लोरीन टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी घेतो, तेव्हा पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून कुरकुर करू नये. नळाच्या टोकाशी एका लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे ही ते पाणी जंतूंपासून सुरक्षित असल्याची खूण आहे. चाचणीत पाणी दूषित निघाले तर ती माहिती दडवणे ही खियानत आहे, आणि चाचणीच न करणे ही अमानतीकडे केलेली डोळेझाक आहे.

जहाजाचे छिद्र

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी सांगितलेली, सहीह बुखारीतील एक उपमा आपल्या काळासाठीच सांगितली आहे की काय, असे वाटते. काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून जहाजातील जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वरच्यांतून ये-जा करावी लागे. त्यांना वाटले, वरच्यांना त्रास कशाला. आपण आपल्याच हिश्शात छिद्र पाडून पाणी घ्यावे. प्रेषित (स.) सांगतात की, वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील, आणि त्यांचा हात धरला तर सगळेच वाचतील.

लक्षात घ्या, छिद्र पाडणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. त्यांना पाणीच हवे होते आणि जागाही त्यांचीच होती. आज प्रत्येक जण आपल्या रानात, आपल्या अंगणात, आपल्या पैशाने बोअर घेतो. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही तर पाचशे, पाचशेवर नाही तर आठशे. वरून जागा वेगळ्या दिसतात, खालचे पाणी मात्र एकच आहे. एकाच्या खोल बोअरने शेजारची पिण्याच्या पाण्याची विहीर आटते. या जहाजातील वरच्या मजल्यावरच्यांचीही चूक होती. खालच्यांना छिद्र पाडण्याची वेळ येऊ नये इतक्या आपुलकीने त्यांना पाणी मिळत असते, तर हा विचारच कोणाच्या मनात आला नसता.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा हात धरण्याचे काम करून दाखवले आहे. पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यास स्वतःहून बंदी घातली, डोंगरावर पावसाचे पाणी अडवले, आणि दरवर्षी पावसाच्या मापाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवले. त्या ताळेबंदात पहिला हिस्सा पिण्याच्या पाण्याचा असतो. आणि आपल्यासाठी विशेष गोष्ट म्हणजे, ज्या गावात मुस्लिम कुटुंब एकच आहे तेथे गावकऱ्यांनी त्या कुटुंबासाठी मशीद बांधून दिली. जे गाव पाणी वाटून घ्यायला शिकते त्याचे मनही मोठे होते.

भागीदार कोण?

नेकी आणि तक्वा यांच्या कामी परस्परांना सहकार्य करण्याची आज्ञा सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत आहे. ही आज्ञा कोणत्या वाक्यानंतर आली ते पाहा. ज्यांनी तुम्हाला मस्जिदे-हरामपासून रोखले त्यांच्याविषयीचा रागही तुम्हाला अन्यायास प्रवृत्त करू नये, असे सांगितल्यावर लगेच सहकार्याची आज्ञा येते. म्हणजे सहकार्याचे वर्तुळ आपल्या मोहल्ल्यापुरते आखलेले नाही. नबुव्वतपूर्वी मक्केत पीडितांना न्याय मिळवून देण्यासाठी झालेल्या हिल्फुल-फुजूल या करारात प्रेषित (स.) सहभागी होते, आणि इस्लामच्या काळातही अशा कराराची हाक आली तर मी साद देईन, असे त्यांनी नंतर सांगितले.

भागीदारी कशी असावी याचा नमुना सूरह कहफमध्ये आहे. याजूज-माजूजच्या उपद्रवाने त्रस्त लोकांनी जुलकरनैन यांना पैसे देऊ केले आणि भिंत बांधून मागितली. त्यांनी पैसे नाकारले आणि सांगितले की, तुम्ही तुमच्या बळानिशी मला साहाय्य करा. मग लोकांनी लोखंड आणले, भाते फुंकले, आणि भिंत उभी राहिली. ज्ञान जाणत्याचे, श्रम लोकांचे. जलजीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या सर्वसाधारणपणे १० टक्के, तर डोंगराळ व वनक्षेत्रातील आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत ५ टक्के लोकवर्गणीची अपेक्षा ठेवली आहे. ती श्रमदानानेही देता येते. माणसी दररोज ५५ लिटर पाणी हे त्या योजनेचे उद्दिष्ट आहे. योजना कागदावर सरकारची असली तरी ज्या गावाने तिला आपली मानले नाही तेथे तिची गत वेशीवरच्या हापशासारखीच होते.

पाण्यावर कोणाचा हक्क आधी, हा प्रश्न आपल्या भूमीत रक्त आणि अश्रूंनी लिहिलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, कारण जनावरांना मोकळे असलेले ते तळे काही माणसांना बंद होते. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा महाडच्या फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. आज आपल्या गावात दलित वस्तीचा, पारधी पालांचा किंवा आपल्याच बिरादरीतील गरिबांचा नळ सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक धारेचा असेल, तर फत्तेखान यांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

स्त्रियांविषयी एक गोष्ट सांगतो. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचतात. धनगरांची गर्दी आहे आणि दोन मुली आपली जनावरे रोखून बाजूला उभ्या आहेत. सर्वांचे उरकल्यावरच त्यांची पाळी येणार. मूसा (अलै.) थकलेले, उपाशी, परके, तरी त्यांनी आधी त्यांना विचारले की, तुमची अडचण काय, आणि मग जनावरांना पाणी पाजले. पाण्याचे ओझे घरोघरी स्त्रीच वाहते. पण पाण्याचा निर्णय घेताना तिला कोणी विचारत नाही. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि पाणी तपासण्यासाठी प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण मिळावे, अशी तरतूद आहे. आपल्या बहिणी-लेकींची नावे तेथे का नसावीत? अब-अदब राखून त्या हे काम उत्तम करू शकतात.

मशिदीचा नळ

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. त्याच गावात एका उन्हाळ्यात सगळ्या विहिरी आटल्या. मशिदीच्या बोअरला मात्र पाणी होते. वजूला कमी पडू नये म्हणून कमिटीने बाहेरचा नळ कुलूपबंद केला. एके दिवशी फजरनंतर एक बाई फाटकाशी आल्या. ओळखीच्या नव्हत्या, आपल्या समाजाच्याही नव्हत्या. दोन घागरी होत्या. लेकरू तापाने फणफणले आहे, टँकर उद्या येणार आहे, एवढ्या भरू द्या, असे त्या म्हणाल्या. किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, “कमिटीला विचारून सांगतो.” त्या काही बोलल्या नाहीत. घागरी उचलून गेल्या.

त्याच आठवड्यात दर्समध्ये मी सादच्या आईच्या विहिरीची हदीस सांगितली होती.

पुढच्या जुम्याच्या बयानात मी हा प्रसंग जमातीसमोर मांडला आणि सर्वांसमक्ष तौबा केली. कमिटीतील वडीलधारी मंडळी नाराज झाली, पण त्यांच्यातीलच एका बुजुर्गांनी विचारले की, प्रेषित (स.) एका मुद्दने, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्याने, वजू करीत, मग आपल्याला प्रत्येकी बादलीभर पाणी का लागते? त्या प्रश्नाने बोलणे मिटले. वजूखान्यातील नळांना टोट्या बसवल्या, वजूला लोटे ठेवले. भिंतीबाहेर दोन नळ निघाले. सकाळ-संध्याकाळ एक-एक तास, घरटी दोन घागरी, पाळीने. वीजबिलाचा अर्धा वाटा ग्रामपंचायतीने उचलला. सरपंच आणि आमचे मुतवल्ली प्रथमच एका सतरंजीवर बसले, आणि त्याच बैठकीत वेशीवरच्या हापशाच्या दुरुस्तीचाही निर्णय झाला. हापसा आठवडाभरात सुरू झाला.

त्या बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्यांच्या लेकराचे काय झाले, हे मी आजवर शोधू शकलेलो नाही.

बंधू-भगिनींनो, या अनुभवातून जे शिकलो ते थोडक्यात असे :

१. सदक्यातून विहीर किंवा बोअर करून देणाऱ्याने रकमेचा एक भाग देखभालीसाठी वेगळा ठेवावा, आणि ग्रामपंचायतीशी लेखी ठरवून दुरुस्ती कोण करील ते आधीच निश्चित करावे.

२. नवा स्रोत करण्याआधी बंद पडलेला जुना स्रोत दुरुस्त होतो काय, ते पाहावे. पुण्य दोन्हींत आहे. दुसऱ्यात दिखाव्याचा धोका कमी आहे.

३. पिण्यास खुला करण्यापूर्वी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि ती दरवर्षी, विशेषतः पावसाळ्यानंतर, पुन्हा करावी.

४. मशिदीच्या छतावरचे पावसाचे पाणी आणि वजूचे वाहून जाणारे पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यांत नेण्याचा विचार करावा. वजूचे पाणी मात्र पिण्याच्या स्रोतापासून पुरेशा अंतरावर मुरवावे.

५. ग्रामसभेला जावे. पाण्याचा निर्णय तेथे होतो आणि आपण मात्र नंतर चौकात तक्रार करतो.

छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. त्या नहर-ए-अंबरीवर जागोजागी माणूस उतरेल अशी तोंडे ठेवलेली आहेत, ती आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. बांधणाऱ्याला ठाऊक होते की, आपण गेल्यावर कोणीतरी खाली उतरून सफाई केली तरच पाणी वाहील. त्याने उतरण्याची वाट बांधकामातच ठेवली. आपल्या प्रत्येक सदक्यात दुसऱ्याला खाली उतरण्यासाठी अशी वाट असावी.

प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की, अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते. वर्षातून एकदा मोठे दान देणारा हात आणि दर महिन्याला वेळेवर पाणीपट्टी देणारा हात, हे दोन्ही हात अल्लाहला हवे आहेत.

या अल्लाह! आमच्या विहिरींना पाणी दे आणि आमच्या मनांना ओल दे. आमच्या मरहूम माता-पित्यांच्या नावे वाहणारे पाणी आमच्या आळसाने थांबू देऊ नकोस. ज्या दाराशी तहानलेला येईल त्या दाराची किल्ली आमच्या खिशात असेल, तर आमचा हात लगेच खिशाकडे जाऊ दे. आमीन.